कार्टर, कॉटन, गथ्री, डिलन: कोण कुणाकडून शिकलं, आणि गुरू जवळ नसताना तो हात कसा उचलायचा?

वायंगणी_किनारा (प्रश्न)

नमस्कार. महिला भजन मंडळात पेटी वाजवते, त्यामुळे सूर कानाने पकडता येतात. गिटारवर सी, एफ, जी आणि ए मायनर हे कॉर्ड बसले आहेत. आता अमेरिकन लोकगायकांचं वादन नीट शिकायचं आहे. मालवण-वेंगुर्ला पट्ट्यात गिटारचे क्लास आहेत, पण तिथे सिनेमाच्या गाण्यांचे कॉर्ड आणि वर-खाली स्ट्रमिंग यापुढे जात नाहीत.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, गायक-गीतकार बॉब डिलन हा आधीच्या पिढीतल्या वुडी गथ्रीचा शिष्य, आणि वुडी हा कार्टर फॅमिली या गायक कुटुंबाचा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. यातलं समोर बसून शिकलेलं किती आणि रेकॉर्ड ऐकून उचललेलं किती? दुसरी, रेकॉर्डवरून उजवा हात शिकायचा तर सुरुवात कुणापासून आणि कशी करायची? तिसरी, त्यांच्या चालींवर मराठी शब्द बसवले तर चालतं का? आपल्याकडे भजनात आणि जाखडीत ते सर्रास चालतं म्हणून विचारते.

कातळावरचा

ताई, 'शिष्य' हा शब्द आपल्याकडच्या अर्थाने घेतला तर डिलन वुडीचा शिष्य नव्हे. डिलन न्यूयॉर्कला पोचला जानेवारी १९६१ मध्ये. तेव्हा वुडी हंटिंग्टनच्या आजाराने न्यू जर्सीतल्या ग्रेस्टोन पार्क रुग्णालयात होता आणि त्याचे हात त्याच्या ताब्यात राहिले नव्हते. डिलन त्याच्या समोर बसून त्याचीच गाणी त्याला ऐकवायचा. यात भक्ती आहे, तालीम नाही.

वुडीची वाजवण्याची आणि गाण्याची पद्धत पुढे गेली ती मुख्यतः जॅक एलियटमार्फत. हा ब्रुकलिनच्या डॉक्टरचा मुलगा १९५१ मध्ये वुडीला भेटला आणि त्याच्या कोनी आयलंडच्या घरी राहिला. वुडीच्या आजाराचं निदान १९५२ मध्ये झालं, म्हणजे हात चालत होता तेव्हाच एलियट समोर होता. गिटारचा झटका, शब्द ओढून म्हणण्याची लकब, दोन कडव्यांमधलं बोलणं, सगळं त्याने जवळून उचललं. सुरुवातीचा डिलन ऐकून लोक त्याला एलियटचा पोरगा म्हणायचे ते याच कारणाने. तुम्ही दोघांच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड पाठोपाठ ऐका. वुडीपेक्षा एलियट डिलनला जास्त जवळचा वाटतो.

वुडीचं स्वतःचं शिक्षण असंच मिश्र होतं. टेक्सासच्या पाम्पा गावात काका जेफने गिटार हातात दिली. कार्टर फॅमिली त्याला रेकॉर्डवरून आणि रेडिओवरून मिळाली. लोकगायक लेडबेली १९४० मध्ये न्यूयॉर्कला प्रत्यक्ष भेटला.

खऱ्या अर्थाने तालीम देणारा माणूस हवा असेल तर रेव्हरंड गॅरी डेव्हिसचं नाव घ्या. जन्म १८९६, दक्षिण कॅरोलायना, आंधळा, रस्त्यावर गाणारा धर्मोपदेशक. न्यूयॉर्कमध्ये घरी शिकवायचा, एका धड्याचे पाच डॉलर, आणि धडा घड्याळ बघून संपत नसे. फक्त अंगठा आणि तर्जनी वापरून तो जे वाजवायचा ते पाच बोटांनी जमत नाही. स्टेफन ग्रॉसमन, रॉय बुक बाइंडर हे त्याचे थेट विद्यार्थी, डेव्ह व्हॅन रॉन्कही त्याच्याकडून शिकला. ग्रॉसमनने धडे टेपवर उतरवले आणि पुढे पुस्तकांतून मांडले, म्हणून आज वेंगुर्ल्यात बसून तुम्हाला ते शिकता येतं.

बँजोवादक लोकगायक पीट सीगरचं आणखी वेगळं. १९३६ मध्ये वडिलांबरोबर उत्तर कॅरोलायनातल्या अॅशव्हिलच्या लोकसंगीत महोत्सवाला गेला आणि तिथे पाच तारांचा बँजो ऐकला. पुढे गावोगाव फिरून ज्याच्याकडून जे मिळेल ते घेतलं आणि १९४८ मध्ये बँजो शिकण्याची पुस्तिका स्वतः काढली. ज्यांना गुरू मिळणार नव्हता त्यांच्यासाठी ती होती. एका पिढीने त्या पुस्तिकेवरून हात बसवला.

पेटीवाले_बुवा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. सुरुवात कार्टर फॅमिलीतल्या गिटारवादक मेबेल कार्टरपासून करा, गॅरी डेव्हिसपासून नको. डेव्हिसचा खर्ज आणि सूर वेगवेगळ्या दिशेने धावतात, वर्षभर हात बसल्याशिवाय ते कानालाही सुटं ऐकू येत नाही. मेबेलचं सगळं उघडं आहे. गाण्याची चाल अंगठा जाड तारांवर वाजवतो आणि तर्जनी बारीक तारांवर ठेका धरते. म्हणजे चाल खाली, ठेका वर. याला तिकडे 'कार्टर स्क्रॅच' म्हणतात.

पेटीवाल्याला हे सोपं जातं, कारण सरगम आधी पेटीवर काढता येते. सा पांढरी एक धरा, म्हणजे गिटारवर सी. मग सुरांच्या जागा अशा (पहिली तार सर्वांत बारीक, सहावी सर्वांत जाड; पडदा म्हणजे फ्रेट): सा पाचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर, रे चौथी तार मोकळी, ग चौथीच्या दुसऱ्या पडद्यावर, म चौथीच्या तिसऱ्यावर, प तिसरी मोकळी, ध तिसरीच्या दुसऱ्यावर. मंद्रातला नी पाचवीच्या दुसऱ्या पडद्यावर, मंद्र ध पाचवी मोकळी, मंद्र प सहावीच्या तिसऱ्यावर. बऱ्याचशा जुन्या चाली एवढ्यात मावतात.

उजवा हात: एकला अंगठ्याने सूर, दोनला तर्जनीच्या नखाच्या बाजूने वरून खाली हलका झटका, दोन आणि तीनच्या मध्ये तीच तर्जनी उलटी वर. तीनला पुन्हा अंगठा, चारला झटका, मग वर. तोंडाने म्हणा: "अंगठा, खाली-वर, अंगठा, खाली-वर." मेट्रोनोम (तालाचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा. पहिले तीन दिवस सी कॉर्ड धरून अंगठा फक्त पाचवी आणि चौथी तार आलटून पालटून. चौथ्या दिवसापासून वरची सरगम आरोह-अवरोह, प्रत्येक सुरानंतर एक "खाली-वर". चाल त्यानंतर. वेग ६० वरून एकदम १०० ला नेऊ नका, चार-चारने चढवा.

जे बिघडतं ते बहुतेक वेळा तर्जनीमुळे. झटका सहाही तारांवर पडला की चाल त्यात बुडते. तर्जनीने फक्त पहिली, दुसरी, तिसरी तार घ्यायची, आणि चालीचा सूर तिसरीवर असेल तेव्हा फक्त पहिल्या दोन. दुसरी चूक डाव्या हाताची. म किंवा ध वाजवायला सगळा कॉर्ड उचलतात, त्यामुळे मागचा सूर तुटतो. म साठी करंगळी, ध साठी मधलं बोट, बाकीची बोटं जागेवर. एफ कॉर्डवर असाल तर म आणि ध आधीच बोटाखाली असतात, तिथे काहीच हलवायचं नाही. मेबेलच्या वादनात इतकी स्वस्थता का वाटते ते तिथे कळेल.

आणखी एक, यात नवखे हमखास फसतात. कार्टरांच्या अनेक रेकॉर्डिंगवर तारा ठरलेल्या स्वरापेक्षा खाली उतरवलेल्या आहेत आणि जुन्या तबकड्यांचा वेगही नेमका नसतो. त्यामुळे पट्टी कधी काळी पाच आणि पांढरी सहाच्या मध्येच अडकते. रेकॉर्डबरोबर जुळत नाही म्हणून गिटारच्या खुंट्या पिळत बसू नका. आधी पेटीवर जवळची पट्टी शोधा, मग मोबाइलमधल्या अॅपने रेकॉर्डिंग तेवढं वर किंवा खाली सरकवा. वेग पाऊण करून ऐका, सूर तोच राहतो.

सीगरने पट्टीचा प्रश्न लाकडातच सोडवला होता, जाता जाता सांगतो. बँजोची मान तीन पडद्यांनी लांब करून घेतली, २२ चे २५ पडदे. मोकळा बँजो पांढरी पाचवरून पांढरी तीनवर उतरला, आणि गर्दीला गाता येईल अशी पट्टी मिळाली.

वायंगणी_किनारा

धन्यवाद बुवा. अंगठ्याचा सूर स्वच्छ येतोय, पण "वर" येताना तर्जनी तारेत अडकते. शिवाय एका ठिकाणी वाचलं की मेबेलला हा हात लेस्ली रिडल नावाच्या कृष्णवर्णीय वादकाने शिकवला. तसं असेल तर त्याच्यापासूनच का सुरू करू नये?

राजापूर_तिठा

रिडलचं नाव काढलंत, बरं झालं. या सगळ्या वंशावळीत सर्वांत जास्त उपेक्षा त्याची झाली आहे. पण श्रेय योग्य गोष्टीचं द्यायला हवं, म्हणून तारखा बघा. कार्टर फॅमिलीचं पहिलं ध्वनिमुद्रण ऑगस्ट १९२७ मध्ये टेनेसीतल्या ब्रिस्टल गावात झालं. त्या तबकड्यांवर मेबेलचा अंगठा-तर्जनीचा हात तयार ऐकू येतो. रिडल आणि कार्टर फॅमिलीचा प्रमुख ए. पी. कार्टर यांची ओळख टेनेसीतल्याच किंग्जपोर्टला १९२८ मध्ये झाली. तेव्हा कार्टर स्क्रॅच रिडलने दिला हे म्हणणं टिकत नाही.

त्याने दिलं ते वेगळं आणि मोलाचं. ए. पी. कार्टर गावोगाव फिरून गाणी गोळा करायचा, शब्द तो कागदावर उतरवून घ्यायचा, पण चाल त्याच्या लक्षात राहत नसे. ती रिडल लक्षात ठेवायचा. एकदा ऐकलेली चाल घरी परतल्यावर जशीच्या तशी वाजवायचा. ए. पी. एकटा ज्या घरांत गेला नसता, त्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधली गाणी कार्टरांकडे आली ती रिडल बरोबर होता म्हणून. आणि त्याच्या ब्लूज वादनाकडे पाहून मेबेलने बोटांनी तारा सुट्या छेडण्याची दुसरी पद्धत घेतली. रिडलच्या उजव्या हाताची दोन बोटं बंदुकीच्या अपघातात गेली होती आणि सिमेंट कारखान्यातल्या अपघातात पाय. उरलेल्या बोटांत त्याने आपली पद्धत बसवली. १९६० च्या दशकात पीटचा सावत्र भाऊ माइक सीगरने त्याला शोधून ध्वनिमुद्रण केलं. ते ऐकाच, पण मेबेलचा ठेका हातात आल्यावर.

त्यानंतरची पायरी एलिझाबेथ कॉटन. हिचं प्रकरण मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण व्हिडिओ पाहून शिकणारे इथे हमखास उलटे शिकतात. जन्म १८९३, उत्तर कॅरोलायना. डावखुरी होती, आणि उजव्या हाताच्या माणसासाठी तारा लावलेली गिटार तारा न बदलता उलटी धरायची. म्हणजे जाड तारा जमिनीकडे, बारीक तारा हनुवटीकडे. तिचा अंगठा चाल वाजवतो आणि बोटं खर्ज. तुम्ही पडद्यावर अंगठ्याकडे बघून अंगठ्याने तेच करायला गेलात तर चाल आणि खर्जाची अदलाबदल होते आणि काहीच जुळत नाही. पहिल्यांदा व्हिडिओ न बघता फक्त ऐका. तुमच्या हातात तिच्या उलट असणार: अंगठा खर्जावर, सी कॉर्डला पाचवी-चौथी-पाचवी-चौथी, न थांबता, घड्याळासारखा. तर्जनी आणि मधलं बोट पहिल्या दोन-तीन तारांवर चाल. खर्जाचा अंगठा दहा मिनिटं बोलत बोलत चालू ठेवता आला की मग चाल जोडा. चाल आली की अंगठा तिच्या मागे धावतो, ही इथली मुख्य अडचण. उपाय एकच: चालीतला एकच सूर घ्या, तो आधी अंगठ्याबरोबर, मग अंगठ्याच्या मध्ये, असा दोन्ही जागी वाजवून बघा.

शिक्षण कुठल्या दिशेने वाहतं हे या बाईंच्या उदाहरणात फार सुंदर दिसतं. त्या वॉशिंग्टनला सीगर कुटुंबाकडे घरकामाला होत्या. पीटचे वडील चार्ल्स सीगर संगीताचे अभ्यासक, रूथ सीगर संगीतकार, घर वाद्यांनी भरलेलं. भिंतीवरची गिटार उतरवून त्या वाजवायला लागल्या तेव्हा माइक आणि पेगी ही त्या घरातली मुलं त्यांच्याकडून शिकली. माइकने ध्वनिमुद्रण केलं, १९५८ मध्ये फोकवेज कंपनीने रेकॉर्ड काढली. त्यांचं लहानपणी रचलेलं 'फ्रेट ट्रेन' पेगीने इंग्लंडमध्ये गायलं आणि तिथे दुसऱ्यांनी ते आपल्या नावावर नोंदवलं. पुढे झगडून त्यांचं नाव लावावं लागलं. ग्रॅमी मिळालं तेव्हा वय नव्वदीच्या पुढे.

बघायला उत्तम जागा म्हणजे पीट सीगरचा 'रेनबो क्वेस्ट' हा टीव्ही कार्यक्रम, १९६५-६६, एकूण ३९ भाग. कॉटन, गॅरी डेव्हिस, मिसिसिपी जॉन हर्ट, डॉक वॉटसन, सगळे जवळून वाजवताना दिसतात. पीट त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत बसतो तीही बघा. फोकवेजचा संग्रह १९८७ पासून स्मिथसोनियन संस्थेकडे आहे आणि रेकॉर्डबरोबरच्या माहितीपुस्तिका संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. कोण कुणाकडून शिकलं ते बहुतेक वेळा त्यातच लिहिलेलं असतं.

झीलकरी

तिसऱ्या प्रश्नाला हात घालतो.

चाल घेणं तिकडे कमीपणाचं मानत नाहीत. वुडीचं 'धिस लँड इज युअर लँड' फेब्रुवारी १९४० चं, त्याची चाल कार्टरांच्या एका धार्मिक गाण्याची. डिलनने वुडीला उद्देशून गाणं केलं तेव्हा चाल वुडीच्याच '१९१३ मॅसॅकर' ची घेतली. आपल्याकडच्या माणसाला हे लगेच समजतं. शक्ती-तुऱ्याच्या बारीत कवी ओळखीची चाल घेतो आणि शेवटच्या कडव्यात स्वतःचं व गुरूचं नाव गुंफतो, तीच छाप. डबलबारीच्या बॅनरवरही बुवांच्या नावाखाली 'अमुक बुवांचे शिष्य' हे असतंच. डिलनने वुडीची चाल घेऊन वुडीचंच नाव गायलं, ती आपल्या छापेच्या फार जवळची गोष्ट आहे.

जिथे नाव घ्यायचं राहून जातं तिथे दुखतं. 'हाउस ऑफ द रायझिंग सन' हे जुनं पारंपरिक गाणं, पण त्याखालचा उतरत जाणारा कॉर्डांचा साज व्हॅन रॉन्कने बसवलेला. डिलनने तो उचलून नोव्हेंबर १९६१ मध्ये आपल्या पहिल्या रेकॉर्डसाठी गायला, विचारण्याआधीच. व्हॅन रॉन्कलाच ते ध्वनिमुद्रित करायचं होतं. पुढे तो गायला लागला की लोक त्यालाच म्हणायचे, हे डिलनचं ना? चाल पारंपरिक असली तरी साज कुणाचा तरी असतो, हे लक्षात ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. भारतात कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षं हक्क राहतो. लेडबेली १९४९ ला गेला, ए. पी. कार्टर १९६० ला, त्यामुळे त्यांच्या एकट्याच्या नावावरच्या रचना मोकळ्या झाल्या. वुडी १९६७ ला गेला, म्हणून त्याच्या रचना २०२७ संपेपर्यंत हक्काखाली. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. अंगणात गाण्याला कुणी अडवत नाही, पण मराठी शब्द बसवून यूट्यूबवर टाकायचं असेल तर पारंपरिक चाल निवडा, हे सरळ.

आता शब्द बसवण्याची खरी अडचण. इंग्रजीत आघात असतो आणि तो तालावर पडतो. मराठीत तसा आघात नाही, आपल्याकडे लघु-गुरू आहे. म्हणून बुवांनी सांगितलेल्या ठेक्यात अंगठ्याच्या जागी गुरू अक्षर यायला हवं. एका आवर्तनात आठ मात्रा धरा, अंगठा पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर. "होडी आली काठापाशी" ही सोळा मात्रांची ओळ घ्या: अंगठ्यावर हो, आ, का, पा येतात, चारही गुरू, ओळ आपोआप चालते. तेच "किनाऱ्याला होडी आली" म्हणून बघा. 'कि' एका मात्रेचा, 'ना' दोन, मग पाचव्या मात्रेला अंगठा 'ऱ्या' च्या पोटात पडतो आणि तिथून पुढची सगळी ओळ ठेक्याच्या एक मात्रा पुढे पळते. शिवाय मात्रा पंधराच, म्हणून शेवटी एक खड्डा. गाणारा तो खड्डा 'ली' लांबवून भरतो आणि मग ऐकणाऱ्याला ते भाषांतर वाटतं. शब्द बदला, चाल ओढू नका.

समूहात गायचं असेल तर सीगरची पद्धत उचला. पुढची ओळ येण्याआधी तो ती भरभर बोलून टाकायचा आणि लगेच सगळे गायचे. ओळीच्या शेवटच्या सुरावर जो श्वास असतो, तेवढ्या वेळातच बोलायचं. म्हणून ओळी छोट्या ठेवा, आठ-नऊ अक्षरांच्या. महिला मंडळाला झील धरायची सवय आहेच, पहिल्याच दिवशी जमेल.

सड्यावरचा_पाऊस

वादनाबद्दल वर सगळं आलंय, गिटारबद्दल लिहितो, कारण किनाऱ्यावर जूनपासून हाच मोठा अडथळा. लाकूड ओल पितं, पोट फुगतं, तारा पडद्यांपासून उचलल्या जातात. बाराव्या पडद्यावर सहाव्या तारेखाली मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक, तीनच्या पुढे गेलं की बोटं दाबून थकतात आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

वाजवून झालं की गिटार भिंतीला टांगू नका, गिटारच्या कडक खोक्यात किंवा जाड कव्हरमध्ये ठेवा आणि आत पावशेर सिलिका जेल कापडी पिशवीत घाला. आतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहायला हवी, छोटा मापक मिळतो. मण्यांचा रंग बदलला की जुन्या पातेल्यात मंद आचेवर सुकवा, जेवणाच्या तव्यावर नको. खाऱ्या हवेत तारा दोन-तीन आठवड्यांत खरखरीत होतात, आणि तर्जनी अडकते त्याचं एक कारण हेच असू शकतं. सुक्या सुती फडक्याने प्रत्येक तार वरून-खालून पुसा. पावसाळ्यात ०.०१२ ऐवजी ०.०११ चा संच (आकडा पहिल्या तारेच्या जाडीचा, इंचात) लावा, किंवा सगळ्या तारा एक पूर्ण स्वर खाली उतरवून दुसऱ्या पडद्यावर कॅपो (मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चाप) लावा. ताण कमी झाला की पोटही कमी उचलतं, आणि वरच्या सुरांच्या जागा कॅपोपासून मोजल्या की त्याच राहतात.

पेटीवाले_बुवा

तार खरखरीत नसेल तर तर्जनी अडकण्याचं कारण बोटाची खोली. खाली जाताना नख तारांच्या मध्ये खोल जातं, म्हणून वर येताना त्याला वाट मिळत नाही. मनगट पुलापासून (तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजपासून) चार बोटं वर, आवाजाच्या भोकाच्या काठावर आणा आणि वर येताना फक्त पहिली तार घ्या. दुसरी सुटली तरी चालेल, मेबेलचीही पुष्कळदा सुटते. आठवडाभर तेवढंच करा, ६० वर, आणि मग कळवा.